लॅटिस क्यूसीडीने न्यूक्लिऑनचा अक्षीय प्रभार कसा काढावा

प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन क्वार्क असतो हे पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. परंतु या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही भरते आणि प्रोटॉनचे वस्तुमान मात्र ९३८ एमईव्ही आहे. उरलेला जवळजवळ सगळा भाग क्वार्कांची गतिज ऊर्जा, त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन क्षेत्र आणि त्या क्षेत्रात सतत उपजणाऱ्या व विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या यांचा असतो. या अंतर्गत रचनेचे गणित कागदावर सुटत नाही, कारण प्रोटॉनच्या आकाराइतक्या अंतरावर प्रबल बल इतके तीव्र असते की लहान दुरुस्त्या एकापुढे एक जोडत जाण्याची नेहमीची पद्धत तेथे निरुपयोगी ठरते. केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये यावर मार्ग मांडला. अवकाश आणि काळ यांच्या जागी ठिपक्यांचे चौमिती जालक घ्यायचे, क्वार्क ठिपक्यांवर आणि ग्लुऑन दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या दुव्यांवर बसवायचे, आणि मग ही मर्यादित आकाराची समस्या संगणकाला सोडवायला द्यायची. प्रबल बलाच्या सिद्धांताला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स किंवा क्यूसीडी म्हणतात आणि त्याच्या या जालकावरील रूपाला लॅटिस क्यूसीडी.

हॅड्रॉनच्या, म्हणजे क्वार्कांनी बनलेल्या कणांच्या, रचनेविषयी जालकावर काढता येण्यासारख्या राशी पुष्कळ आहेत. नवख्याने सुरुवात न्यूक्लिऑनच्या, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या, अक्षीय प्रभारापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूट्रॉनच्या बीटा क्षयात डाउन क्वार्कचा अप क्वार्क होतो आणि त्या घडामोडीची तीव्रता या राशीवर अवलंबून असते. मुक्त न्यूट्रॉन सरासरी सुमारे १५ मिनिटेच का टिकतो, याच्या गणितात ती थेट येते. प्रयोगातून तिचे मूल्य सुमारे १.२७५ इतके अचूक ठाऊक आहे. उत्तर आधी माहीत असल्यामुळे आपली चूक पकडता येते. याच गोष्टीचा धोकाही आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. क्वांटम क्षेत्र सिद्धांताचा एक अभ्यासक्रम आणि लिनक्सची ओळख एवढी तयारी येथे गृहीत धरली आहे.

संच मिळवणे आणि तपासणे

गणना काल्पनिक काळात केली जाते. काळ काल्पनिक केला की पथ-समाकलनातील दोलायमान घटकाच्या जागी सांख्यिकी भौतिकीतील बोल्टझमान घटकासारखे धन वजन येते आणि त्या वजनानुसार ग्लुऑन क्षेत्राचे नमुने यादृच्छिक पद्धतीने निवडता येतात. अशा एका नमुन्याला कॉन्फिगरेशन म्हणतात आणि अशा अनेक नमुन्यांच्या समूहाला संच. ती तयार करण्यासाठी १९८७ मध्ये मांडलेली हायब्रिड माँटे कार्लो पद्धत आजही मुख्यतः वापरली जाते. सुरुवातीला स्वतःचा संच तयार करण्याच्या फंदात पडू नये, कारण वास्तव क्वार्क वस्तुमानांचा संच तयार करायला मोठ्या गटांनाही महासंगणकावर दीर्घकाळ खर्च करावा लागतो. आंतरराष्ट्रीय लॅटिस डेटा ग्रिडच्या माध्यमातून अनेक गटांनी आपले संच इतरांसाठी खुले केले आहेत; ते वापरावेत आणि त्यांचे श्रेय द्यावे.

आकारमानाचा अंदाज आधी घ्यावा. अवकाशाच्या प्रत्येक दिशेला ६४ आणि काळाच्या दिशेला १२८ ठिपके घेतले तर एकूण ठिपके ३ कोटी ३५ लाखांवर जातात. प्रत्येक ठिपक्यापासून चार दुवे निघतात आणि प्रत्येक दुव्यावर संमिश्र संख्यांचा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स असतो. त्यामुळे दुहेरी अचूकतेत एकच कॉन्फिगरेशन १९ जीबीपेक्षा अधिक जागा घेते. ठिपक्यांमधील अंतर ०.०९ फर्मी (१ फर्मी म्हणजे मीटरचा एक हजार अब्जांश भागाचाही हजारावा भाग) असेल तर पेटीची बाजू ५.७६ फर्मी होते, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या तिपटीहून अधिक. सरावासाठी मात्र १६ बाय १६ बाय १६ बाय ३२ चे जालक पुरेसे आहे. त्याची कॉन्फिगरेशन ७५ एमबीच्या आसपास असते आणि संपूर्ण गणना साध्या ग्राफिक्स कार्डावर बसते. क्रोमा, ग्रिड, मिल्क आणि ओपनक्यूसीडी या आज्ञावल्या मुक्त आहेत, आणि ग्राफिक्स कार्डांवर समीकरणे सोडवण्यासाठी क्यूडा हे ग्रंथालय त्यांपैकी काहींना जोडता येते. मोठ्या कामाची वेळ आल्यावर संस्थेमार्फत महासंगणकाचा वेळ मागावा लागतो. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर लॅटिसवरील कामाची जुनी परंपरा आहे.

फाइल वाचल्यावर पहिले काम म्हणजे प्लाकेटची सरासरी काढणे. चार दुव्यांच्या लहानात लहान चौकोनाभोवती मॅट्रिक्सांचा गुणाकार करून त्याचा ट्रेस घ्यायचा आणि सर्व चौकोनांवर सरासरी काढायची. संच प्रसिद्ध करणाऱ्यांनी ही संख्या बहुधा फाइलसोबतच नोंदवलेली असते आणि ती शेवटच्या दशांश स्थळांपर्यंत जुळली पाहिजे. न जुळल्यास बाइटांचा क्रम उलटा वाचला जात आहे किंवा दिशांचा क्रम बदलला आहे, असे समजावे. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि ती टाळल्यामुळे वाया गेलेले आठवडे मी पाहिले आहेत.

प्रोपगेटर

क्वार्क एका ठिपक्यापासून निघून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत कसा पोहोचतो हे प्रोपगेटर सांगतो, आणि तो काढणे म्हणजे डिरॅक मॅट्रिक्सचे रेषीय समीकरण सोडवणे. वरच्या मोठ्या जालकावर अज्ञातांची संख्या ४० कोटींच्या पुढे जाते, कारण प्रत्येक ठिपक्यावर स्पिनचे चार आणि रंगाचे तीन असे बारा घटक असतात. एका सोर्सपासूनच्या, म्हणजे क्वार्क जेथून निघतो त्या आरंभस्थानापासूनच्या, पूर्ण प्रोपगेटरसाठी हे समीकरण बारा वेळा सोडवावे लागते. क्वार्कचे वस्तुमान वास्तव मूल्याकडे आणले की मॅट्रिक्सचे सर्वांत लहान आयगनमूल्य शून्याकडे सरकते आणि साधी कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धत रखडते. तेथे मल्टिग्रिड पद्धतच वापरावी. खर्च वाचवण्याची आणखी एक चांगली युक्ती आहे. प्रत्येक कॉन्फिगरेशनवर बहुसंख्य सोर्ससाठी समीकरण ढोबळ अचूकतेने सोडवायचे, मोजक्या सोर्ससाठी ते पूर्ण अचूकतेने पुन्हा सोडवायचे, आणि त्या दोहोंतील फरकाने ढोबळ सरासरीची दुरुस्ती करायची.

सोर्स एका ठिपक्यावर ठेवू नये. एका ठिपक्यावर निर्माण केलेले तीन क्वार्क न्यूक्लिऑनसारखे दिसत नाहीत; त्यातून वरच्या ऊर्जेच्या अवस्थाही भरपूर उपजतात. म्हणून सोर्स गॉसियन पद्धतीने पसरावा, त्याची त्रिज्या अर्ध्या फर्मीच्या आसपास ठेवावी आणि पसरवताना वापरायचे दुवे आधी गुळगुळीत करून घ्यावेत. तिन्ही क्वार्कांचे प्रोपगेटर ठरावीक रंग-स्पिन रचनेने एकत्र गुंफले की दोन-बिंदू फलन मिळते. काळ जसजसा पुढे जातो तसतशा जड अवस्था लवकर विझतात आणि सर्वांत हलकी अवस्था, म्हणजे न्यूक्लिऑन, शेवटी उरते. लगतच्या दोन काळांवरील मूल्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला की प्रभावी वस्तुमान (इफेक्टिव्ह मास) मिळते. ते आधी खाली येते आणि मग एका पठारावर स्थिरावते. ०.०९ फर्मीच्या जालकावर आणि पायॉनच्या, म्हणजे सर्वांत हलक्या हॅड्रॉनच्या, वास्तव वस्तुमानाला हे पठार जालकाच्या एककांत ०.४३ च्या जवळ यायला हवे. ते तसे आले नाही, तर पुढे जाऊ नये.

पठार मिळाले म्हणून फार काळ पुढे जाता येते असेही नाही. न्यूक्लिऑनच्या दोन-बिंदू फलनातील संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर काळाबरोबर घातांकी वेगाने घसरते, आणि घसरण्याचा दर न्यूक्लिऑनचे वस्तुमान वजा पायॉनच्या वस्तुमानाची दीडपट इतका असतो. वास्तव वस्तुमाने घातली तर हा फरक सुमारे ७३० एमईव्ही येतो, म्हणजे प्रत्येक फर्मीमागे गुणोत्तर सुमारे चाळीस पटींनी खालावते. तेवढीच अचूकता राखायची तर मोजमापांची संख्या त्याच्या वर्गाने, म्हणजे दीड हजार पटींहून अधिक, वाढवावी लागते. हा आकडा सतत समोर ठेवावा; या साऱ्या खटाटोपातील बहुतेक निर्णय त्याच्याभोवतीच फिरतात.

तीन-बिंदू फलन

रचना पाहायची तर न्यूक्लिऑनला मध्येच टोचावे लागते. सोर्सवर न्यूक्लिऑन निर्माण होतो, मधल्या काळी अक्षीय प्रवाह एका क्वार्कवर आघात करतो आणि सिंकवर, म्हणजे शेवटच्या टोकाला, न्यूक्लिऑन नाहीसा होतो. यासाठी बहुतेक जण सिंकमधून जाणारा अनुक्रमिक सोर्स वापरतात: दोन क्वार्कांचे प्रोपगेटर सिंकवर गुंफून त्यांचाच नवा सोर्स करायचा, डिरॅक समीकरण त्याच्यावर पुन्हा सोडवायचे आणि मिळालेले उत्तर पहिल्या प्रोपगेटरशी मधल्या ठिपक्यावर जोडायचे. या मार्गात सिंकचा काळ, संवेग आणि स्पिनची दिशा आधी ठरवावी लागते, पण मध्ये कोणताही प्रवाह आणि कोणताही संवेग फुकट घालता येतो. सोर्स-सिंक अंतर बदलले की समीकरण पुन्हा सोडवणे आले. निदान चार अंतरे घ्यावीत. आपल्या जालकावर १०, १२, १४ आणि १६ पावले, म्हणजे ०.९ ते १.४४ फर्मी. मोठ्या अंतरांना गोंगाट जास्त असल्यामुळे तेथे सोर्सची संख्या वाढवावी.

प्रवाह क्वार्कच्या मुख्य रेषेऐवजी निर्वातातून उपजलेल्या क्वार्कच्या वेगळ्या वलयालाही धरू शकतो आणि अशा वलयांची गणना फार खर्चिक असते. अप आणि डाउन क्वार्कांची वस्तुमाने समान धरली, तर अप वजा डाउन या संयोगात ही वलये परस्परांना रद्द करतात. सुरुवातीला अक्षीय प्रभार निवडण्याचे हे दुसरे कारण आहे.

येथे एक लहानशी चूक सांगून ठेवतो, कारण माझा बराच वेळ तिने खाल्ला होता. सोर्स प्रत्येक कॉन्फिगरेशनवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला जातो आणि नंतर सर्व फलने सोर्सचा काळ शून्य मानून सरकवली जातात. क्वार्कांची काळाच्या दिशेची सीमा-अट प्रतिआवर्ती असते, म्हणून न्यूक्लिऑन सीमा ओलांडून गेला की तीन क्वार्कांमुळे फलनाचे चिन्ह बदलते. ते चिन्ह मी दोन-बिंदू फलनात सुधारले होते आणि तीन-बिंदू फलनात विसरलो होतो. परिणामी काही सोर्स धन, काही ऋण, आणि सरासरी अक्षीय प्रभार अपेक्षेच्या निम्म्याच्याही खाली. प्रत्येक सोर्सचे फलन सुटे काढून त्याचे चिन्ह डोळ्यांनी पाहिले असते तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

शून्य संवेगाला तीन-बिंदू फलनाला त्याच अंतराच्या दोन-बिंदू फलनाने भागले की हवे ते गुणोत्तर मिळते. भागाकार सरासऱ्यांचा करून त्रुटी वेगळ्या काढू नयेत. एका कॉन्फिगरेशनवरील सर्व सोर्सची आधी सरासरी घ्यावी, मग एकेक कॉन्फिगरेशन वगळून जॅकनाइफचे नमुने करावेत आणि गुणोत्तर प्रत्येक नमुन्याच्या आत काढावे. अंश आणि छेद यांच्यातील गोंगाट बराचसा सामायिक असतो आणि या मार्गाने तो आपोआप कापला जातो. लागोपाठच्या कॉन्फिगरेशन परस्परांशी संबंधित असतात, म्हणून त्यांचे गट करून त्रुटी वाढते का हे पाहावे आणि ती वाढायची थांबेपर्यंत गट मोठे करावेत.

उत्तेजित अवस्था

खरी कसोटी येथे आहे. गुणोत्तर मधल्या काळाच्या विरुद्ध आखले की मध्यभागी घुमटासारखा सपाट भाग दिसतो आणि नवख्याला तेच उत्तर वाटते. पण त्यात उत्तेजित अवस्थांचे, म्हणजे न्यूक्लिऑनहून अधिक ऊर्जेच्या अवस्थांचे, दूषण मिसळलेले असते. आपल्या पेटीत संवेगाचे लहानात लहान पाऊल सुमारे २१५ एमईव्ही आहे; एवढ्या संवेगाने विरुद्ध दिशांना जाणारे न्यूक्लिऑन आणि पायॉन यांची एकत्रित ऊर्जा १२१७ एमईव्हीच्या आसपास येते, म्हणजे मूळ अवस्थेपेक्षा फक्त २८० एमईव्हीने वर. सोर्स-सिंक अंतर १ फर्मी असताना प्रवाह बरोबर मध्यावर घातला, तरी या अवस्थेचा दूषित अंश केवळ निम्म्यावर आलेला असतो, १.५ फर्मीलाही तो एकतृतीयांशाहून थोडा अधिक उरतो. अंतर वाढवत न्यावे तर गोंगाट चाळीस पटींच्या हिशेबाने अंगावर येतो. एका बाजूला दूषण आणि दुसऱ्या बाजूला गोंगाट अशा बोळातून वाट काढायची असते, आणि सपाट दिसणारा भाग खरे पठार आहे की दोन वक्रांच्या बेरजेचा भास, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

म्हणून निदान दोन स्वतंत्र मार्ग वापरावेत. पहिला म्हणजे सर्व अंतरांची गुणोत्तरे आणि दोन-बिंदू फलन यांना एकत्रित दोन-अवस्था वक्र जुळवणे. दुसरा बेरजेचा मार्ग: प्रत्येक अंतरासाठी, टोकांजवळचे काही काळ वगळून, गुणोत्तराची मधल्या सर्व काळांवर बेरीज करायची आणि ती बेरीज अंतराच्या विरुद्ध आखायची. रेषेचा उतार हाच प्रभार असतो. येथे दूषण अर्ध्या नव्हे, पूर्ण अंतरानुसार विझते, आणि १ फर्मीला ते एकचतुर्थांशावर येते. मात्र सांख्यिकी त्रुटी वाढते. दोन्ही उत्तरे त्रुटीच्या आत जुळली नाहीत तर लहान अंतरे एकेक करून वगळावीत आणि उत्तर कोणत्या दिशेने सरकते ते नोंदवावे. काय-वर्ग (वक्र किती चांगला जुळला हे सांगणारी संख्या) चांगला आला एवढ्यावर विसंबू नये, कारण कॉन्फिगरेशनची संख्या बिंदूंच्या तुलनेत पुरेशी नसली तर सहप्रसरण मॅट्रिक्सच अविश्वसनीय असतो आणि त्यावरून काढलेला काय-वर्ग अर्थहीन ठरतो.

माहीत असलेल्या उत्तराचा धोका नेमका येथे उद्भवतो. वक्र जुळवण्याची खिडकी निवडताना १.२७५ डोक्यात असेल, तर हात नकळत त्या खिडकीकडे वळतो. विश्लेषण सुरू करण्यापूर्वीच सहकाऱ्याकडून सर्व तीन-बिंदू फलनांना एका गुप्त संख्येने गुणून घ्यावे, खिडक्या आणि प्रतिमाने निश्चित करावीत आणि शेवटीच ती संख्या उघडावी. पूर्वी अनेक गटांची मूल्ये प्रयोगापेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी कमी येत असत. उत्तेजित अवस्था, जड पायॉन आणि लहान पेटी यांचा त्यात मोठा वाटा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेने १.२७१ हे मूल्य एक टक्का त्रुटीने दिले आणि लॅटिसच्या निकालांचा आढावा घेणाऱ्या फ्लॅग या गटाच्या २०२१ च्या आढाव्यातील सरासरी १.२५ च्या जवळ, सुमारे दोन टक्के त्रुटीची आहे.

प्रमाणीकरण आणि तीन मर्यादा

जालकावरील अक्षीय प्रवाह भौतिक प्रवाहाशी एका रिनॉर्मलायझेशन गुणकाने जोडलेला असतो. सोपा मार्ग असा की त्याच आकडेवारीतून सदिश प्रभारही काढावा. तो भौतिकीत बरोबर १ असतो, म्हणून अक्षीय आणि सदिश प्रभारांचे गुणोत्तर घेतले की दोन्ही गुणकांचे केवळ गुणोत्तर उरते आणि ते १ च्या जवळ असते. सदिश प्रभाराची गुणकासह किंमत १ पासून ढळलेली दिसली, तर दोष गुणाकारात कोठेतरी आहे.

एका जालकावरचे उत्तर हे अंतिम उत्तर नव्हे. ठिपक्यांमधील अंतर शून्याकडे, पेटी अनंताकडे आणि पायॉनचे वस्तुमान १३५ एमईव्हीकडे न्यावे लागते. निदान तीन वेगवेगळी अंतरे घ्यावीत आणि पायॉनचे वस्तुमान गुणिले पेटीची बाजू हा आकडा चारच्या खाली जाऊ देऊ नये. आपल्या ५.७६ फर्मीच्या पेटीत तो ३.९ आहे, म्हणजे काठावर. अंतर ०.०५ फर्मीच्या खाली नेले की कॉन्फिगरेशनचा टोपॉलॉजिकल प्रभार (ग्लुऑन क्षेत्राचा एकूण पीळ मोजणारी संख्या) गोठू लागतो आणि संच पुरेसा फिरत नाही; हे तपासायला त्या प्रभाराचा माँटे कार्लो काळाविरुद्धचा आलेख पुरतो.

यापुढे

हीच अनुक्रमिक प्रोपगेटरची आकडेवारी ठेवून प्रवाहाच्या जागी एका डेरिव्हेटिव्हचा ऑपरेटर घातला की क्वार्क न्यूक्लिऑनच्या संवेगाचा किती भाग वाहतात हे काढता येते. संवेगाच्या वितरणाची त्याहून वरची आघूर्णे (मोमेंट) मात्र लवकरच अडतात, कारण जालकाची सममिती पूर्ण परिभ्रमणाची नसून चौकोनी असते आणि उच्च ऑपरेटर खालच्या परिमाणाच्या ऑपरेटरांत मिसळतात. संवेगाचे संपूर्ण वितरण हवे असेल तर २०१३ मध्ये शियांगडोंग जी यांनी सुचवलेला मार्ग आहे. प्रकाशकिरणाच्या दिशेचे अंतर काल्पनिक काळात घेता येत नाही, म्हणून वेगवान न्यूक्लिऑनमध्ये अवकाशातील सरळ रेषेवर क्वार्क आणि प्रतिक्वार्क ठेवायचे, त्यांना दुव्यांच्या माळेने जोडायचे आणि मिळालेले अर्ध-वितरण क्षोभ सिद्धांताने खऱ्या वितरणाशी जुळवायचे. त्यासाठी न्यूक्लिऑनला सुमारे २ जीईव्हीचा संवेग द्यावा लागतो. सोर्स त्याच संवेगाशी जुळणाऱ्या कलेने पसरवला नाही तर संकेत काही पावलांतच गोंगाटात बुडतो, आणि दुव्यांच्या माळेच्या लांबीबरोबर वाढणारे अपसरण वेगळे काढल्याशिवाय मिळालेल्या वक्राला काहीही अर्थ नसतो.